एक क्षण, दोन तारखा

आमच्या परिचयाच्या एका घरी काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आई वारली. बारा तारखेच्या पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी त्या माउलीने शेवटचा श्वास घेतला. थोरला मुलगा टोरंटोला असतो. धाकट्याने त्याच घटकेला त्याला फोन केला, तेव्हा तिकडे अकरा तारखेची दुपार कलत होती. कामावरून घरी निघण्याच्या बेतात असताना त्याला ही वार्ता मिळाली. पुढे वर्षाच्या मिस्सेची वेळ आली आणि त्याने टोरंटोच्या आपल्या चर्चमध्ये अकरा तारखेची मिस्सा नोंदवली. हे कळताच गावातली बहीण उसळली. “दादा, आई बाराला गेली. चर्चच्या वहीत बारा आहे, कबरीवरच्या क्रुसाखाली बारा आहे. तुझी अकरा आली कुठून?” भावाचे उत्तर आले, “माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या वेळी अकराच होती. माझी आई अकराला गेली.”

शब्दाने शब्द वाढला आणि दोन घरांतले बोलणे बंद झाले. जुने स्नेही म्हणून दोन्ही बाजूंनी आमचे मत विचारले. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन साडेनऊ तासांचा फरक मांडून दाखवला आणि दोघेही बरोबर आहेत असा निवाडा दिला. दोघांपैकी कोणाचेही त्याने समाधान झाले नाही. आमचे गणित बरोबर होते, पण विचारलेला प्रश्न गणिताचा नव्हता, हे आमच्या ध्यानी यायला बराच काळ जावा लागला. ज्या कोड्यातून ते ध्यानी आले, ते आज वाचकांपुढे ठेवावे म्हणतो.

कोडे असे आहे. तीन भाऊ एका बुधवारी एकमेकांचा निरोप घेतात. मधला घरीच राहतो. थोरला पश्चिमेकडे निघतो, धाकटा पूर्वेकडे. दोघेही पृथ्वीला एक पूर्ण फेरा घालून नेमक्या एकाच वेळी घरी परततात. घरी राहिलेल्याच्या हिशेबाने तीनशे साठ दिवस लोटले आहेत. तिघांनीही रोज न चुकता सूर्योदय मोजला आहे आणि रोज वहीत रेघ ओढली आहे. घरी मटणाचे ताट वाढलेले आहे. मधला म्हणतो, “आज शनिवार, बसा जेवायला.” थोरला हात मागे घेतो, “आज शुक्रवार आहे, मला मांस वर्ज्य आहे.” धाकटा दचकून उठतो, “अरे, आज तर रविवार! माझी मिस्सा चुकली!” तिघेही सश्रद्ध आहेत, तिघेही सत्यवादी आहेत, एकाचीही मोजणी चुकलेली नाही. मग त्या घरात त्या दिवशी वार कोणता?

गणिताची बाजू फारशी अवघड नाही. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतो. जो पश्चिमेकडे चालतो तो त्याच्या मागोमाग जातो आणि म्हणून त्याचा दिवस थोडा लांबतो. रेखावृत्ताच्या एका अंशामागे हा फरक चार मिनिटांचा पडतो. तीनशे साठ अंशांचे मिळून एक हजार चारशे चाळीस मिनिटे, म्हणजे बरोबर चोवीस तास होतात. थोरल्याने तीनशे एकोणसाठ सूर्योदय पाहिले, धाकट्याने तीनशे एकसष्ट. आयुष्य मात्र कोणाचे कमी झाले नाही की वाढले नाही. तितकाच काळ एकाने थोड्या मोठ्या आणि दुसऱ्याने थोड्या लहान तुकड्यांत कापला, इतकेच.

हे कोडे आजकालचे नाही. चौदाव्या शतकात निकोल ओरेम नावाच्या फ्रेंच विद्वानाने ते मांडले होते. हाच ओरेम १३७७ साली लिझियचा बिशप झाला. पुढे पाचशे वर्षांनी बाल येशूची संत तेरेजा जिच्या मठात राहिली, तेच हे लिझिय. ओरेमच्या काळात कोणीही पृथ्वीप्रदक्षिणा केलेली नव्हती. केवळ विचाराच्या बळावर एका धर्मपंडिताने ओळखले होते की, पृथ्वी गोल असेल तर प्रामाणिक माणसांचेही वार जुळणार नाहीत.

ते प्रत्यक्षात घडायला दीडशे वर्षे गेली. २० सप्टेंबर १५१९ रोजी मॅगेलनची पाच गलबते स्पेनहून पश्चिमेकडे निघाली. स्वतः मॅगेलन १५२१ साली फिलिपाईन्समधील माक्तान बेटावर मारला गेला. उरलेले ‘व्हिक्टोरिया’ हे एकच गलबत एल्कानोच्या नेतृत्वाखाली परतीच्या वाटेवर होते. जुलै १५२२ मध्ये उपासमारीने टेकीला आलेले ते खलाशी केप व्हर्दे बेटांपाशी थांबले आणि धान्यासाठी काही जण किनाऱ्यावर गेले. त्यांनी तिथल्या पोर्तुगीजांना वार विचारला. उत्तर आले, गुरुवार. गलबतावर तर बुधवार होता. रोजनिशी लिहिणारा पिगाफेता चक्रावून गेला, कारण संपूर्ण प्रवासात तो आजारी पडला नव्हता आणि त्याने एकाही दिवसाची नोंद चुकवली नव्हती. मोजणीत चूक नसून पश्चिमेकडे सतत गेल्यामुळे हे घडले आहे, हे त्याला मागाहून उमगले. स्पेनच्या दरबारातील इतिहासकार पीटर मार्टर यालाही हे गूढ उकलेना. व्हेनिसचा वकील गास्पारो कोंतारिनी, जो पुढे कार्डिनल झाला, त्याने त्याला त्याचे कारण समजावून दिले.

सहा सप्टेंबरला स्पेनच्या किनाऱ्याला लागले तेव्हा गलबतावर अठरा जण उरले होते. सेव्हिलला पोहोचल्यावर ते हातांत मेणबत्त्या घेऊन अनवाणी पायांनी पवित्र मरियेच्या मंदिरात गेले. जगावेगळा प्रवास करून आलेल्या या माणसांना एक चिंता असणे स्वाभाविक होते. गलबत आणि किनारा यांच्या हिशेबात एका दिवसाचे अंतर कधीपासून पडले, हे कोणालाच सांगता आले नसते. मग कितीतरी शुक्रवार आपण शुक्रवार म्हणून पाळलेच नाहीत काय? पास्काचा सण आपण भलत्याच दिवशी साजरा केला काय? ज्याने एकही दिवस गाळला नाही, त्याचे सगळे सण चुकले असे म्हणायचे काय?

या प्रश्नाला एक सुंदर उत्तर पुढे पूर्वेच्या समुद्रात मिळाले. स्पॅनिश लोक मेक्सिकोहून पश्चिमेकडे जात फिलिपाईन्सला पोहोचले, तर पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून, आपल्या गोव्यावरून आणि मलाक्कावरून पूर्वेकडे जात मकावला पोहोचले. दोन्ही कॅथलिक, दोन्ही आपल्या मायदेशाचा हिशेब इमानाने सांभाळणारे. तरीही शेजारशेजारच्या मनिला आणि मकाव या शहरांत एका दिवसाचे अंतर राहिले. आलोन्सो सांचेझ नावाच्या येशूसंघीय फादरांची हकिगत होसे दे आकोस्ता यांनी १५९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. सांचेझ मनिलाहून मकावला उतरले तेव्हा त्यांच्या हिशेबाने दोन मे, म्हणजे संत अथानेसियस यांचा सण होता. त्या सणाची प्रार्थना म्हणायला ते निघाले, तर मकावमध्ये तीन मेचा पवित्र क्रुसाचा सण चालू होता. गोव्याच्या वाटेने आलेल्यांचा क्रुसाचा सण आला होता, मेक्सिकोच्या वाटेने आलेल्याचा अद्याप यायचा होता. यांत खोटे कोणीच नव्हते. हा घोळ मनिलाने अखेर एक दिवस सोडून देऊन मिटवला. सोमवार ३० डिसेंबर १८४४ नंतर तिथे एकदम बुधवार १ जानेवारी १८४५ उजाडला. अलीकडे, २०११ साली, सामोआ देशाने अशाच रीतीने ३० डिसेंबरचा शुक्रवार गाळला. त्या आठवड्यात तिथे शुक्रवार आलाच नाही आणि न आलेल्या शुक्रवारचे मांसवर्जन कोणावरही बंधनकारक नव्हते.

वाराचे आणि तारखेचे नाव हा माणसांनी केलेला ठराव आहे, हे आता मान्य करावेच लागते. आविलाची संत तेरेजा ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री देवाघरी गेली, आणि पोप तेरावे ग्रेगरी यांनी केलेल्या पंचांगसुधारणेमुळे त्या रात्रीनंतरची सकाळ १५ ऑक्टोबरची होती. आपण तिचा सण पंधरा तारखेला पाळतो. मधले दहा दिवस तिनेही पाहिले नाहीत, कोणीही पाहिले नाहीत. ख्रिस्तसभेने दहा तारखा बाजूला ठेवल्या. तेरेजेच्या पवित्रतेत त्यामुळे काडीचाही फरक पडला नाही.

पण ठराव म्हटला की मनात दुसराच विचार डोकावतो. तारीख हा ठराव असेल तर तो मला सोयीस्कर असा मी का फिरवू नये? या प्रश्नाचा खरा कस पाहायचा तर आपल्या मुंबईइतके चांगले उदाहरण सापडणार नाही.

१ जानेवारी १९०६ पासून देशात भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईने ती सुखासुखी स्वीकारली नाही. शहराची स्वतःची ‘मुंबई वेळ’ तिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटांनी मागे होती आणि नगरपालिकेने ती १९५५ पर्यंत सांभाळली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे या एका शहरात दोन मध्यरात्री होत असत. त्या काळी ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य करायचे असा नियम होता. (१९५३ साली पाण्याला मुभा मिळाली, १९५७ साली उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ साली एका तासावर.) मग मुंबईच्या कॅथलिकाने कोणती मध्यरात्र पाळायची?

१९१७ च्या धर्मसंहितेच्या तेहतिसाव्या कलमात याचे उत्तर होते, आणि ते विलक्षण उदार होते. खासगीरीत्या मिस्सा अर्पण करणे, ख्रिस्तप्रसाद स्वीकारणे, उपवास आणि मांसवर्जन पाळणे अशा बाबतींत माणसाने स्थानिक सौर वेळ घ्यावी अथवा सरकारी वेळ घ्यावी, त्याला निवडीची मोकळीक होती. शनिवारी रात्री लग्नघरी उशीर झाला, प्रमाणवेळेचे घड्याळ बारा वाजून वीस मिनिटे दाखवू लागले, तरी घास घेणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नव्हते. मुंबई वेळेप्रमाणे तेव्हा अकरा वाजून एकेचाळीस मिनिटेच झाली होती. दुसऱ्या दिवशी तो निर्धास्तपणे ख्रिस्तप्रसाद घेऊ शकत होता.

आता या मोकळिकीतून निघणारे कोडे पाहा. शुक्रवारची रात्र आहे. प्रमाणवेळेने बारा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. एक गृहस्थ म्हणतो, “मांसवर्जनासाठी मी प्रमाणवेळ मानतो, तेव्हा माझा शुक्रवार संपला. उद्याच्या ख्रिस्तप्रसादाच्या उपवासासाठी मी मुंबई वेळ मानतो, तेव्हा माझा शनिवार अद्याप सुरू झाला नाही.” असे म्हणून तो मटणाची वाटी पुढे ओढतो. एकोणचाळीस मिनिटे तो ना शुक्रवारात आहे, ना शनिवारात. कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवले तर त्याला दोषी ठरवणे अवघड आहे, कारण बंधने दोन आहेत आणि निवड प्रत्येकासाठी वेगळी आहे. पण त्याचा शेजारी एक पाऊल पुढे जातो. शुक्रवार सुरू करायला तो मुंबई वेळ घेतो आणि संपवायला प्रमाणवेळ घेतो. त्याचा शुक्रवार तेवीस तास एकवीस मिनिटांचा होतो. या दुसऱ्या माणसाने निवड केलीच नाही. त्याने दोन्ही घड्याळे वापरून देवाच्या दिवसातली एकोणचाळीस मिनिटे खिशात घातली.

या दोघांकडे पाहिले म्हणजे कायद्याचा हेतू स्पष्ट होतो. ती मोकळीक भित्र्या मनांसाठी होती. मिनिटकाट्याकडे पाहून जीव मुठीत धरणाऱ्या, एक घोट पाणी घड्याळाच्या कोणत्या बाजूला प्यायलो या शंकेने झोप उडालेल्या भाविकाला ख्रिस्तसभा सांगत होती की, बाबा रे, देव घड्याळजी नाही. परंतु जी सवलत भय घालवण्यासाठी दिली, तिचाच उपयोग हिशेब चुकवण्यासाठी केला तर सवलतही नासते आणि उपवासही नासतो. उपवास का करायचा हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या मनात एकोणचाळीस मिनिटांचा सौदा येणारच नाही. आणि ज्याला ते ठाऊक नाही, त्याला अचूक घड्याळ देऊनही लाभ नाही.

म्हणून आम्हाला वाटते की, ठरावाचेही एक सत्य असते, पण ते सूर्याच्या सत्याहून निराळे असते. सूर्य कुठे आहे हे माणसावर अवलंबून नाही. आजचा वार कोणता हे मात्र आपण एकमेकांना दिलेल्या शब्दावर अवलंबून आहे. रविवार पवित्र आहे तो त्या चोवीस तासांत काही निराळे ऊन पडते म्हणून नव्हे. त्या दिवशी सारा धर्मग्राम एकत्र येतो, आणि मी येईन या विश्वासावर शेजारी माझ्यासाठी बाकावर जागा राखतो, म्हणून तो पाळायचा. एकट्या माणसाला स्वतःपुरता कोणताही वार मोजता येईल, पण एकट्याला रविवार साजरा करता येत नाही. शनिवारच्या संध्याकाळी रविवारची मिस्सा अर्पण करणारी ख्रिस्तसभा हेच शिकवते. दिवसाची कड ती थोडी पुढे-मागे सरकवते, पण एकत्र येणे सोडत नाही.

आता त्या तीन भावांच्या ताटाकडे परत जाऊ. मधल्याचा शनिवार अधिक शास्त्रशुद्ध आहे असे नाही. पण ते घर मधल्याने राखले आहे, चूल त्याने पेटती ठेवली आहे, गावची घंटा त्याच्या वाराप्रमाणे वाजते. जो परत येतो त्याने गावचा वार स्वीकारावा. परतणे या शब्दाचा अर्थच तो आहे. परंतु घरी राहिलेल्यावरही एक कर्तव्य येते. थोरल्याने हात मागे घेतला तेव्हा तो ढोंगी आहे असे म्हणू नये, आणि धाकटा दचकला तेव्हा त्याला हसू नये. त्यांनी परक्या समुद्रावर, कोणी पाहत नसताना, रोज एक रेघ ओढली आहे. त्यांची वही गावच्या वहीशी जुळत नाही, तरी ती खोटी नाही.

हे आम्हाला त्या दोन घरांच्या भांडणात फार उशिरा दिसले. एके संध्याकाळी त्या बहिणीकडे बसलो असता आम्ही पुन्हा साडेनऊ तासांचे पुराण लावले. तिने ते निमूटपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “ते मला कळते हो. पण तो मातीला आला नाही.” त्या एका वाक्यात सगळे आले. भावाला रजा आणि तिकीट मिळेपर्यंत दफनविधी होऊन गेला होता. तिच्या मनात सलणारी गोष्ट ती होती. अकरा की बारा हा तिचा प्रश्नच नव्हता. तू इथे नव्हतास, आणि आता तारीखही आमच्याबरोबर पाळत नाहीस, असे तिला म्हणायचे होते. तिकडे भावाचे दुःखही तेच होते, फक्त उलट्या बाजूने. त्या घरात बारा तारीख सगळ्यांची होती. त्याच्यापाशी आईच्या मरणातले काय होते? एक फोन, कामाच्या जागेची खिडकी आणि अकरा तारखेचे कलते ऊन. तेवढेही चुकीचे आहे असे बहिणीने सांगितले, तेव्हा त्याची आई दुसऱ्यांदा गेली.

आम्ही त्याला पत्र लिहिले. आई ज्या घरात गेली त्या घराची तारीख सर्वांनी मिळून पाळावी, कारण कबर तिथे आहे आणि नाव तिथे पुकारले जाते, असे आमचे मत कळवले. त्याचबरोबर बहिणीलाही सांगितले की, दादाच्या अकरा तारखेला कोणी खोटी म्हणू नये. ती त्याच्या एकाकी दुःखाची तारीख आहे, आणि दुःखाला साक्षीदार नसला म्हणून ते कमी खरे ठरत नाही.

मग सहज आमच्या लक्षात एक गोष्ट आली. साडेनऊ तासांचे गणित आम्ही इतक्यांदा मांडले, पण ही साधी गोष्ट कधी पाहिली नव्हती. गावच्या चर्चमधली मिस्सा बारा तारखेला सकाळी साडेसहाला असते. त्या वेळी टोरंटोला अकरा तारखेचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. म्हणजे बहिणीची बारा तारखेची मिस्सा भावाच्या अकरा तारखेलाच होत होती. दोघांनाही हवी असलेली मिस्सा एकच होती.

यंदा मे महिन्यात धर्मगुरूंनी आईचे नाव घेतले, तेव्हा पुढच्या बाकावर बहीण होती. टोरंटोच्या एका घरात त्याच वेळी मुलाबाळांना घेऊन भाऊ गुडघ्यांवर होता. मिस्सा संपल्यावर तिने चर्चच्या पायरीवरूनच त्याला फोन लावला. काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. बोलणे बरेच लांबले एवढे मात्र दुरून दिसत होते. तिकडे रात्र बरीच झाली असावी.